ताप कोंबडीचा नव्हे

गेल्या हिवाळ्यात मी एक कोंबडी टॉवेलांच्या कपाटात लपवली. सत्तरी उलटलेल्या माणसानं, सुनेच्या घरात, आयर्लंडात. का लपवली ते सांगतो. आधी एवढंच सांगून ठेवतो की माझी शाळा चौथीत सुटली आणि पुढचं शिक्षण कोंबड्यांनी केलं. तेव्हा यात शास्त्राचं जे काही येईल ते सुनेनं सांगितलेलं आहे. चुकलं असेल तर माझ्या डोक्यातून येताना चुकलं.

आमचा धंदा अंड्यांचा. सांगलीकडं एका गावाच्या कडेला पत्र्याची शेड होती, तीनशे पक्षी. धंदा माझा म्हणायचा, पण कोंबड्या बायकोच्या. मी सायकलीला ट्रे बांधून हॉटेलं आणि दुकानं फिरायचो. ती शेडात. कुठली कोंबडी उद्या अंडं चुकवणार, कुठली खुडूक होऊन अंड्यांवर बसून राहणार, कुणाला जंत झालेत, हे तिला नुसत्या चालीवरून कळायचं. मला विचाराल तर मला आजही सगळ्या सारख्याच दिसतात. पण हे मी तिच्यासमोर कधी कबूल केलं नाही.

एका वर्षी पाखरांच्या तापाची साथ आली. आमच्या शेडात एकही पक्षी मेला नव्हता, पण आजारी शेड आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पांढरे झगे घातलेली माणसं आली. जवळपासचं सगळं मारायचं, असा हुकूम. तीनशे पक्षी दुपारपर्यंत पोत्यात गेले. त्यांच्यातल्या साहेबानं मला विचारलं, "अजून घरात वगैरे आहेत का?"

होती. बायकोनं एक कबरी तलंग, नुकती अंड्यावर आलेली कोवळी कोंबडी, धान्याच्या कणगीमागं डालग्याखाली झाकली होती. मला माहीत होतं. मी म्हणालो, "आहे एक."

बायको माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ते एवढंच, "मीठ संपलंय." त्या कोंबडीवर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पुढं पुन्हा कोंबड्या आणल्या, पोरगा शिकला, परदेशी गेला, सगळं झालं. ती गेली त्याला आता तिसरं वर्ष लागलंय. ते बोलणं राहिलं ते राहिलंच.

ती गेल्यावर पोरानं मला इकडं आणलं. नावन म्हणून गाव आहे, तिथं एकसारख्या घरांच्या रांगेत आमचं घर. पोरगा कारखान्यात, हृदयात बसवायच्या नळ्या बनवतात तिथं. सून ड्रोहेडाच्या बाजूला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, दिवसभर लोकांचं रक्त आणि थुंकी तपासते. नात सात वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते, तेही इथल्या हेलात, त्यामुळं ते मला दोनदा समजत नाही. पहिले सहा महिने मी खिडकीत बसून पावसाकडं बघितलं. घरात गरम पाणी होतं, गादी होती, टीव्ही होता. बोलायला भिंत.

मग शेजाऱ्यानं कोंबड्या दिल्या.

शेजारी माझ्याच वयाचा, त्याचीही बायको गेलेली. गावाबाहेर भावाबरोबर त्याच्या गाई आहेत. त्याला काहीही विचारा, "ग्रँड" म्हणतो. पाऊस कसा आहे, ग्रँड. गुडघा कसा आहे, ग्रँड. बायकोची आठवण येते का, असं एकदा मी माझ्या चार शब्दांच्या इंग्रजीत विचारलं, तर कुंपणाची सैल फळी दाबून बसवत म्हणाला, "ग्रँड." दुसऱ्या आठवड्यात तो पुठ्ठ्याच्या खोक्यातून चार कोंबड्या घेऊन दारात उभा. दोन तांबड्या, एक काळी, एक कबरी.

पोरानं लगेच सरकारात नोंदणी केली. इथं एक कोंबडी पाळली तरी नोंद लागते. कोंबड्यांचा नंबर आठवड्याभरात आला. माझ्या स्वतःच्या कागदांना चार महिने लागले होते. पोरगा म्हणाला, "बाबा, त्या अंडी घालतात. तुम्ही काय घालता?"

"शिव्या," मी म्हणालो.

मागच्या अंगणात लाकडी शेड बांधली. मी सकाळी उठायला लागलो. सून म्हणाली, बाबा जेवायला लागलेत. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला करमणूक हवी असते. करमणूक नको असते हो. आपण उठलो नाही तर कुणाचं तरी अडलं पाहिजे, एवढंच हवं असतं. त्या चौघींचं माझ्यावाचून अडत होतं. कबरीला तर मी दाणे मुठीतून दिल्याशिवाय चालायचं नाही. आणि कबरीकडं बघितलं की मला ते डालगं दिसायचं.

ऑक्टोबरात सून मागं लागली, "बाबा, फ्लूची लस घ्या. तुमच्या वयाला फुकट आहे."

"मी जन्मभर कोंबड्यांना टोचत आलो. मला कोण टोचणार?"

"कोंबड्या निदान गप बसतात."

मी घेतली नाही. मला वाटायचं फ्लू म्हणजे सर्दी, अंगावर काढायची, आल्याचा काढा घ्यायचा. आणि दुसरा तो पाखरांचा ताप. माझ्या लेखी तापाच्या एवढ्या दोनच जाती.

नोव्हेंबरात पोराच्या फोनवर सरकारचा निरोप आला. रानटी पक्ष्यांत बर्ड फ्लू सापडलाय, पाळलेले सगळे पक्षी छताखाली ठेवा. मी विचारलं, "किती वाजता येणार?" पोरगा म्हणाला, "नुसतं आत ठेवायचंय, बाबा. कुणी मारायला येत नाहीये." आम्ही शेडाला बारीक जाळी मारली. कोंबड्या आतून माझ्याकडं बघायच्या, जणू मीच हुकूम काढला.

त्याच आठवड्यात मी माती खाल्ली. बॉइन नदीच्या काठानं चाललो होतो, वाटेत एक सीगल मरून पडलेली. कुत्री ओढतील, पोरं हात लावतील, म्हणून मी ती पंखाला धरून उचलली आणि झुडपात टाकली. उघड्या हातानं. चाळीस वर्षं मेलेले पक्षी असेच उचललेत, हात आपोआप गेला. घरी येताना आठवलं, मग साबण लावून तीनदा हात धुतले. कुणाला बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी ताप भरला.

साधा नाही. हाडं कुणीतरी मुसळानं कांडावीत असा. लहानपणी आमचे वडील एका जुन्या साथीच्या गोष्टी सांगायचे, सकाळी बैल सोडायला गेलेला माणूस संध्याकाळी नाही, अशा. त्या सगळ्या आठवल्या. पण खरं सांगतो, मरणाची भीती वाटली नाही. भीती वाटली ती अशी की मी डॉक्टरकडं जाणार, डॉक्टर सीगलचं विचारणार, त्यातून कोंबड्यांचं निघणार, आणि पांढरे झगे पुन्हा दारात.

म्हणून मी ताप लपवला. सुनेला सांगितलं, माझा उपास आहे, खोलीतच पडतो. नातीला म्हटलं, आत येऊ नको, आजोबा देवाचं नाव घेतायत. तिनं दाराच्या फटीतून विचारलं, कुठल्या देवाचं. मला चटकन एकही आठवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप आणखी चढला. पोरगा कामावर, सून यायची होती, नात शाळेत. मला काय वाटलं कोण जाणे. उठलो, भिंत धरधरून अंगणात गेलो आणि कबरीला काखेत मारून आत आणली. तिघींचं जे व्हायचं ते होवो, ही एक वाचवायची. जिन्याच्या वर एक कपाट आहे, इथं त्याला हॉट प्रेस म्हणतात. आत गरम पाण्याची टाकी असते, त्या उबेवर टॉवेल, चादरी वाळत ठेवतात. धुण्याची जाळीदार बास्केट पालथी घातली, खाली कबरी, वर दोन टॉवेल. दार लावलं. अंथरुणात येऊन पडलो. मनात बायकोला म्हटलं, बघ गं, झाकली.

संध्याकाळी सून नातीला घेऊन आली. सरळ माझ्या खोलीत.

"बाबा, कसला उपास आहे?"

"आपला... नेहमीचा."

"आई सगळे उपास करायच्या आणि तुम्ही त्यांच्यासमोर बसून ऑम्लेट खायचात. हे मला माहितीये. कसला उपास?"

मी काही बोलणार, एवढ्यात जिन्यावरून आवाज आला. क्वॉक, क्वॉक, क्वॉक, क्वॅऽऽक! कोंबडी पाळलेल्या माणसाला हा आवाज झोपेतही कळतो. अंडं घातल्यावर ती सगळ्या आळीला वर्दी देते. उबेला बसून कबरीनं टॉवेलावर अंडं घातलं होतं आणि आता सांगत होती.

सुनेनं कपाट उघडलं. नात टाळ्या पिटायला लागली. सून हसली नाही. तिनं नातीला हाताला धरून खाली पाठवलं, तोंडाला मास्क लावून आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि खुर्चीवर बसली.

"आता सगळं सांगा."

मी सगळं सांगितलं. सीगल, पंख, साबण, कणगी, डालगं, साहेब, मीठ. पोरालाही मी ते कधी सांगितलं नव्हतं. सांगताना मी रडलो असेन, तापात काय कळतं. तिनं मास्क पुन्हा घट्ट केला. मग म्हणाली, "बाबा, मी स्पष्ट बोलू?"

"बोल. या घरात स्पष्ट मीच बोलतो, आज तू बोल."

"हा ताप पाखराचा असेल, तर कोंबडी गेली तर गेली. पण तुम्ही ती तुमच्या नातीच्या टॉवेलांत आणून ठेवलीत."

 इतकी वर्षं मी त्या साहेबाला मनातून शिव्या दिल्या. त्या दिवशी वाटलं, त्याच्याही घरी एखादी सात वर्षांची असेल. मी म्हणालो, "ने कबरीला. आणि मला डॉक्टरकडं ने. विचारतील ते सगळं सांगतो."

तिनं फोन केले. मेलेल्या पक्ष्याला हात लावलाय हे आधीच सांगितलं, तशी डॉक्टरनं आम्हाला मागच्या दारानं, बाकी लोकांपासून लांब घेतलं. नाकात काडी घातली, ती मेंदूला टेकून आली असं वाटलं. औषध दिलं. खोलीतून बाहेर पडायचं नाही, कोंबड्यांजवळ तर नाहीच. नमुना तपासायला गेला. कबरी शेडात परत गेली, टॉवेल उकळून निघाले, आणि ते अंडं सुनेनं कचऱ्यात टाकलं. ताजं, उबदार अंडं. चूक माझी होती म्हणून गप बसलो, नाहीतर त्यावरून भांडलो असतो.

दुसरा दिवस संपता संपत नव्हता. मी खिडकीतून शेडाकडं बघत बसलो. नातीनं दाराखालून एक कागद सरकवला, त्यावर चार कोंबड्या आणि एक म्हातारा, सगळ्यांना मास्क. कोंबडीला मास्क कसा लावायचा हे तिनं बरोबर काढलं होतं, चोचीला गाठ मारून.

दुपारी सुनेचा फोन आला. "बाबा, फ्लू आहे. पण बी आहे."

"बी म्हणजे बरा की वाईट?"

"घरी येऊन सांगते. कोंबडीचा नाही, एवढं लक्षात ठेवा. माणसाचा आहे."

संध्याकाळी ती दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसली, मी आत पलंगावर, आणि तिनं मला शिकवलं. चौथीनंतरची माझी ही पहिली शाळा.

फ्लूच्या विषाणूच्या चार जाती. ए, बी, सी, डी. ए ही जात उंडगी. तिचं मूळ घर पाणपक्ष्यांत, पण ती कोंबडीत जाते, डुकरात जाते, घोड्यात जाते, माणसात येते. गावाला जशी एखादी असामी असते, कुणाच्याही चुलीपाशी जाऊन बसणारी, तशी. तिच्या अंगावर दोन तऱ्हेचे काटे असतात. एकाला म्हणायचं एच, दुसऱ्याला एन. एच म्हणजे दाराची कडी काढून आत शिरणारा हात. आतल्या आत विषाणू वाढले की बाहेर पडताना दावं कापावं लागतं, ती एनची विळी. एचचे पुष्कळ प्रकार, एनचे पुष्कळ प्रकार, म्हणून त्यांना आकडे. बैलजोडीसारखं, हा बैल त्या बैलाबरोबर. सध्या पाखरांत जी जोडी हिंडते ती एच पाच, एन एक. माणसांत दरसाल येतात त्या दुसऱ्या जोड्या. एकाच जनावराच्या अंगात दोन जोड्या भेटल्या तर बैलांची अदलाबदल होऊ शकते, आणि नवी जोडी कुणाच्याच ओळखीची नसते. मोठ्या साथी बहुतेक तशाच येतात. एची नवी जोडी म्हटलं की डॉक्टर दचकतात ते त्यामुळं.

"आणि बी?"

"बी माणसांतच राहते. समुद्रातल्या सीलमध्ये कधीमधी सापडलीय, पण कोंबडीत नाही. माणसानं माणसाला दिली तरच येते."

"म्हणजे कबरी निर्दोष?"

"कबरी निर्दोष. सीगलसुद्धा. तुमच्या तापाशी तिचा संबंध नाही."

"मग मला दिली कुणी?"

सून एकदम हसायलाच लागली. दोन दिवसांत पहिल्यांदा. "बाबा, गेल्या आठवड्यात आपल्याकडं कोण दोन दिवस शाळेला न जाता तुमच्या मांडीवर बसून टीव्ही बघत होतं? नाक कुणाच्या मफलरला पुसत होतं?"

खालून नातीचा आवाज आला, इंग्रजीत, पण हे मला समजलं. ती म्हणत होती, मी नाही केलं.

सी जात बारीक, पोराबाळांची शेंबडी सर्दी, तिला फारसं कुणी विचारत नाही. डी गुराढोरांची. हे मी शेजाऱ्याला सांगायचं ठरवलं. आठ दिवसांनी मला बाहेर सोडलं तेव्हा तो कुंपणाशीच उभा होता, हातात बाटली. औषध आहे म्हणाला. गरम पाणी, लवंग, लिंबू आणि बाकी व्हिस्की. मी माझ्या चार शब्दांत त्याला सांगितलं, ए पक्ष्यांची, बी माणसांची, सी पोरांची, डी तुझ्या गाईंची. त्यानं बाटली कुंपणावर ठेवली. म्हणाला, माझ्या गाई दर हिवाळ्यात खोकतात, आणि इतकी वर्षं कुणी मला सांगितलं नाही की त्यांचं स्वतःचं अक्षर आहे. मग त्यानं विचारलं, तुला कसं वाटतंय? मी म्हणालो, "ग्रँड." तो इतका हसला की त्याला खोकला लागला.

कोंबड्या वसंतापर्यंत छताखाली राहिल्या. एकही आजारी पडली नाही. कुणी झगेवाला आला नाही. हुकूम उठला त्या दिवशी मी शेडाचं दार उघडलं, तर चौघीही दारातच थांबल्या, बाहेर पडेनात. शेवटी कबरी निघाली, आणि मग बाकीच्या.

यंदा ऑक्टोबर लागला तसा मीच सुनेला म्हणालो, "टोचायला कधी जायचं?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू कोंबडी बोलली. वाटेत गाडीत मी विचारलं, ही दरसाल कशाला लागते? मी कोंबड्यांना मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस टोचायचो ती बराच काळ पुरायची. ती म्हणाली, फ्लूचे ते काटे दरवर्षी थोडेथोडे बदलतात. अंगानं गेल्या वर्षीचा चेहरा पाठ केलेला असतो, तो यंदा दाढी लावून येतो. मग नवा चेहरा दाखवून ठेवावा लागतो. तिथंच तिनं मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी आधी सांगितली असती तर मी पहिल्याच वर्षी बाही वर केली असती. यातल्या पुष्कळशा लशी कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. त्यासाठी वेगळ्या कोंबड्या पाळतात, त्यांची अंडी फक्त लशीलाच.

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

औषधाच्या दुकानात एका लहान खोलीत बसवलं. टोचणारी पोरगी हसरी होती. तिनं कागदावर बघून एकेक विचारलं, सून मराठीत सांगत गेली. ताप आहे का? नाही. पूर्वी लशीचा त्रास? नाही. मग तिनं विचारलं, अंडं चालतं का तुम्हाला? अंड्यानं कधी काही झालंय?

सून माझ्याकडं बघायला लागली. मी सुनेकडं. तिला हसू आवरेना, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्या पोरीला वाटलं मला सुईची भीती वाटते, तिनं माझा हात धरला.

"सांग तिला," मी म्हणालो, "अंड्यावर माझा संसार झालाय. त्रास झाला तो एकदाच, एका कोंबडीपायी, आणि तो मीच दिला होता. आता टोच म्हणावं."

सुनेनं तिला यातलं किती सांगितलं ते मला माहीत नाही. घरी आलो तेव्हा दंड दुखत होता. अंगणात गेलो, तर कबरी शेडाच्या कोपऱ्यात पिसं फुलवून बसलेली. हात पुढं केला तशी गुरकावली. खुडूक बसली होती. तिच्या खालून मी अंडं काढलं नाही. बायकोनंही काढलं नसतं.